मैमुनाखालाचा मांगर

मैमुनाखाला कुठल्याही घरात शिरली की आधी बोटाच्या पेरांनी भिंतीवर टकटक करायची. यजमानीण "या या, बसा" म्हणतेय, खालाचं लक्षच नाही. ती टकटक करणार, कान देणार आणि सगळ्यांसमोर निकाल सांगणार, "पोकळ!" रियाधमधली अर्धी मराठी घरं तिनं पोकळ ठरवली होती आणि त्यातली बरीचशी तिच्यावर रुसून होती. माझ्याही घरी तेच झालं. मी नाशिकची सिव्हिल इंजिनीअर, इथल्या ऑफिसांमधून जिप्समच्या भिंती उभ्या करण्यावर माझं पोट चालतं. मी म्हटलं, "खाला, त्या पोकळच असतात." तर म्हणाली, "मग सांगतेस काय तोंड वर करून?"

आता मी लांब, कुवेतच्या सीमेजवळ अल खफजीला असते, खालाची भेट होत नाही, पण राग काही गेलेला नाही. तिच्यावरचा नव्हे. तिच्या माणसांनी तिच्यावर जे प्रेम केलं ना, त्याचा राग. "अगं, चांगल्यासाठीच केलं त्यांनी" असं कुणी मला समजवायला आलं की तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून एकदा लिहूनच काढते.

आमची ओळखही भांडणातूनच झाली. अल सुलैमध्ये तिच्या नवऱ्याचं, इस्माईलभाईंचं, जुन्या पॅलेटचं आणि लाकडी खोक्यांचं गोदाम होतं. दिवाळीत बाल्कनीत पणत्या मांडायला मला दोन पॅलेट हव्या होत्या. आत गेले तर काळ्या अबायातली एक बाई जमिनीवर फतकल मारून एका खोक्याचे खिळे उपटत बसलेली. मी हिंदीत मागणी केली. "किसलिए?" तिनं मान वर न करता विचारलं. मी सांगितलं. त्यावर तिनं आतल्या बाजूला तोंड करून हाळी दिली, "ऐकलाव? दिवे ठेवायला पायजेत हिला! सागासारखा लाकूड आणि ही त्याच्यावर दिवे ठेवणार. मुलखाची खुळी!"

"खुळी कुणाला म्हणता हो?" मी मराठीत म्हटलं.

दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. खाला उलट माझ्यावरच डाफरली, "मराठी हायेस तर आधी बोलायचा नाय? उगीच हिंदीत बोलायला लावलास मना." मग काळा चहा आला, खारी आली, माझं माहेर कुठलं, सासर कुठलं, नवरा जुबैलला आणि मी एकटी रियाधला हे कसं, याची उलटतपासणी झाली. पॅलेट काही तिनं दिल्या नाहीत. मी 'तुम्ही' म्हणत होते तर म्हणाली, "तुमी म्हणायला मी काय जवाजातच्या पासपोर्ट हापिसातली ऑफिसर हाय? तू म्हण." त्या दिवसापासून ती तू झाली आणि माझी गाडी तिची झाली. नवरा आणि मुलगा तिला हवं तिथं नेत नसत, त्यांना वेळ नसे. मी नेत असे.

ती रत्नागिरीकडच्या खाडीकाठची. लग्न होऊन रियाधला आली ती इथंच म्हातारी झाली. मुलगा झुबेर इथंच वाढलेला. ती कोकणीत बोलणार आणि तो इंग्रजीत उत्तर देणार, असा त्यांचा संसार. ती म्हणायची, "माझा पोर माझ्याशी बोलतो तवा मना वाटता मी बँकेत उभी हाय."

एकदा झुबेर आम्हा सगळ्यांना एका नव्या मॉलमधल्या हॉटेलात घेऊन गेला. आत सगळं रियाधकडच्या जुन्या नजदी घरासारखं केलेलं, मातीच्या भिंती, त्रिकोणी झरोके. बायका फोटो काढायला लागल्या. खालानं बोटांनी टकटक केलं आणि तिचा चेहरा बदलला. फायबर! तिनं मॅनेजरला बोलावलं. "ये मिट्टी है?" तो बिचारा केरळी पोरगा हसून म्हणाला, "मिट्टी जैसा है, आंटी." "जैसा? जैसा क्यूं? बाहर इतना बडा रेगिस्तान पडा है, मिट्टी कम पडा क्या तुमको?" झुबेर "अम्मी, प्लीज, पीपल आर लुकिंग" करत होता. ती जेवली नाही. परत येताना गाडीत मला म्हणाली, "खोटा बोलणारा माणूस मी समजून घेईन. खोटी भिंत कशापायी?"

तिच्या या खुळामागं काय होतं, ते मला बुरैदाच्या वाटेवर कळलं. तिचं गावाकडं मातीचं घर होतं. मोठं काही नाही, जोतं, पडवी, तीन खोल्या. सासू आणि तिनं मिळून त्याच्या भिंती दर वर्षीच्या सुट्टीत लिंपलेल्या. तिची बोटं त्या भिंतींवर उमटलेली होती म्हणे, ओसरीच्या कोपऱ्यात तर अंगठ्यासकट. एके वर्षी इस्माईलभाईंनी तिला न सांगता ते घर पाडलं आणि तिथं दुमजली स्लॅबचा बंगला उठवला. काळ्या काचा, दारात दोन सिंह. पाडतानाचा व्हिडिओ दिराच्या मोबाइलवरून रियाधला आला, आणि घरात बिर्याणी शिजत होती, पाहुणे बोलावले होते, का तर खालाला आनंदाची बातमी द्यायची. "जेसीबी माझ्या न्हाणीत शिरला ता बघितला मी," ती म्हणाली, "आणि सगळे टाळ्या पिटत व्हते. मना कुणी विचारला? एकान तरी?" त्या बंगल्यात कुणी राहत नाही. वर्षभर कुलूप. सिंहांवर शेवाळ आलंय म्हणे.

मी गाडी चालवत होते म्हणून बरं, नाहीतर तिथंच कुणाचा तरी गळा धरला असता.

बुरैदाला जायचं कारण अबू सालेह. हे तिथले म्हातारे खजूरवाले, इस्माईलभाईंकडून दर हंगामाला खोकी नेणारे. त्यांनी एकदा सगळ्यांना मळ्यावर जेवायला बोलावलं. मळ्याच्या टोकाला त्यांच्या वडिलांच्या वेळची मातीची खोली पडून तिचा ढिगारा झालेला. बाकीचे कबशाच्या मटणभातावर तुटून पडलेले आणि ही बया ढिगाऱ्यात बसून माती चोळत बसली. मूठभर माती तिनं पाण्यात कालवली, तळहातावर तिची लांबडी वळी केली, ती तुटली नाही, म्हणजे माती बांधायला चांगली. अबू सालेह काठी टेकत तिच्या मागं येऊन उभे राहिले होते. ती आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत त्यांच्यावरच उखडली, "बापाचं घर पडू दिलं? लेश? का?" म्हातारा हसला. म्हणाला, मुलाला इथं फायबरचे शॅले बांधायचेत, वीकेंडला लोक राहायला येतात. मग तिच्याकडं नीट बघून म्हणाला, ही माती हवीय का तुला? तफद्दली. घे. इथंच बांध.

असा तो मांगर सुरू झाला. कोकणात बागेत, राहत्या घरापासून लांब, अवजारं ठेवायला आणि दुपारी पाठ टेकायला एक खोली बांधतात, तो मांगर. खाला लहानपणी बापाबरोबर दर उन्हाळ्यात तो दुरुस्त करायची. तिला नेमका तसाच हवा होता. इस्माईलभाईंनी गोदाम बंद करायचं ठरवलं होतं, रमजान झाला की फायनल एक्झिट, कायमचं गावाला, त्या काळ्या काचांच्या बंगल्यात. त्याआधीचा हिवाळा तिला स्वतःच्या हातानं बांधलेल्या घरात काढायचा होता. एक हिवाळा. दागिने नाही मागितले, काही नाही. एवढंच.

इस्माईलभाई हसून म्हणाले, "करू दे, टाइमपास हाय." झुबेर म्हणाला, "इट्स सो क्यूट." मला हे शब्द आठवले तरी तिडीक जाते.

त्या पडक्या खोलीचीच माती भिजवून, गव्हाचं काड मिसळून, पायांनी तुडवून तिनं विटा पाडल्या. तिनं म्हणजे तिनंच, अबाया खोचून. अबू सालेहच्या सुना आधी दारातून बघायच्या, मग त्याही उतरल्या. मी दर शुक्रवारी. चौकटी सुलैमधल्या मशीनच्या खोक्यांच्या, त्यावर 'उलटे ठेवू नये'चे बाण तसेच. खिडकीला भंगारातल्या ट्रकची काच. बुरैदातली कुणाची तरी जुनी मातीची घरं पाडत होते तिथून तिनं नक्षीचं दार आणि अथलच्या झाडाचे वासे भांडून आणले. भांडून म्हणजे, जेसीबीवाल्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तो पंजाबी घाबरून म्हणाला, "ले जाओ माता, सब ले जाओ."

सगळं तिला येत होतं असं मुळीच नाही. हट्टी होती आणि हट्टानं चुकायची. छपराला तिनं खजुरीच्या झावळ्या मागवल्या, हौदात भिजत घातल्या आणि माडाची झापं विणतात तशी विणायला बसली. कोकणातली कुठलीही बाई हीच चूक करेल. झाड उंच, वर झावळ्या, म्हणजे माडच की! पण खजुरीच्या पात्याला काटा, आणि बुडाशी तर सुयाच. दुपारपर्यंत तिची दहाही बोटं सोलली. अबू सालेह लांबून ओरडत होते, पाती वेगळी कर, नुसत्या दांड्या बांध. ही ऐकते कुठली! "तुमचा झाड वाईट हाय," तिनं त्यांना मराठीत सुनावलं. "एवढा उंच वाढला आणि जरा वाकायची अक्कल नाय." पुढचा शुक्रवारही तिनं तसाच वाया घालवला. तिसऱ्या वेळेला मी पोचले तर दांड्या वाशांवर ओळीनं बांधून झालेल्या होत्या, पात्यांची वेगळी चटई विणून खाली छताला लावलेली होती, आणि ही माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "हसलीस तर बघ."

दुसरं भांडण शेणावरून. अबू सालेहचं म्हणणं, गिलाव्यात उंटाचं शेण घाल, चिरा पडणार नाहीत. खाला उसळली. आत नमाज पढायची आणि भिंतीला शेण? आमच्या शाफई पंथात ते नापाक. गावाला अंगण सारवायचे शेणानं, पण नमाजाच्या जागी नाही म्हणजे नाही. म्हातारा म्हणाला, आमच्या मझहबात ज्या जनावराचं मांस हलाल त्याचं शेणही पाक. झालं! अख्खा शुक्रवार त्यात गेला. ती तिच्या मदरशातल्या मौलवींचे दाखले देतेय, तो त्याच्या शेखांचे, दोघांचे आवाज चढलेले, सुना चहा आणून ठेवतायत आणि चहा थंड होतोय. मी एकटी हिंदू मधे बसून दोन्हीकडं माना डोलावतेय. शेवटी कुणीच हरलं नाही. आतला गिलावा तिच्या मताचा, नुसत्या माती-काडाचा. बाहेरची पडवी म्हाताऱ्याच्या मताची, शेणाची. पडवी खरोखरच चिरली नाही. खाला तिथं बसायची, पण त्याचं श्रेय तिनं शेवटपर्यंत दिलं नाही.

आणि मांगर उभा राहिला. ठेंगणा, जाड भिंतींचा, जरा डावीकडं कललेला. भर दुपारी आत शिरलं की अंगावरचा घाम निवायचा. आत काडाचा वास. एका भिंतीवर तिनं मुद्दाम हात फिरवून बोटांच्या ओळी तशाच ठेवल्या होत्या. त्या दिवशी ती त्या ओळींना पाठ टेकून बसली. मग म्हणाली, "थंडी पडू दे. मग बिस्तरा घेऊन येते."

थंडी पडायच्या जरा आधी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, काही आठवडे धूळ नको. ती घरात कोंडली गेली आणि फोनवर माझं डोकं खायची, "जाऊन बघून ये गो, पडवीला कुत्रा बसत नाय ना?" माझी साइट ऐन घाईत होती, मला जमलं नाही. मी म्हटलं, "कोण खाणार आहे तुझा मांगर?"

डॉक्टरनं मोकळीक दिली त्या शुक्रवारी आम्ही निघालो. इस्माईलभाई आणि झुबेर पुढं गेले होते. मला वाटलं, शहाणपण सुचलं, बिस्तरे घेऊन गेले असतील. खाला गाडीत चक्क गुणगुणत होती.

मळ्यात शिरलो तर झुबेर हात पसरून समोर. "अम्मी, क्लोज युवर आइज!" नुकत्या उघडलेल्या डोळ्याच्या बाईला म्हणतोय, डोळे मीट. तिनं मिटले नाहीत. आणि मग आम्ही दोघींनी बघितलं.

मांगराला चारी बाजूंनी सिमेंटचा गिलावा केला होता. गुळगुळीत, कोपरे कापल्यासारखे सरळ. आणि त्यावर, ऐका, त्यावर मातीच्या रंगाचा पेंट दिला होता, मातीसारखा दिसावा म्हणून! पडवी उखडून फरशी. दाराला वॉर्निश. आत गेलो तर पात्यांची चटई दिसेना, तिच्याखाली जिप्समची सीलिंग ठोकलेली, त्यात दिवे. भिंतीवरच्या बोटांच्या ओळींवर स्प्लिट एसी. तो चालू होता, घरघर करत.

इस्माईलभाईंचा चेहरा आनंदानं फुललेला. "धूळ नको बोलला ना डॉक्टर," ते म्हणाले. "म्हणून सगळा पक्का करून घेतला. आता मजेत ऱ्हा हिवाळाभर. तुला सांगितला नाय, सरप्राइज." अबू सालेहचा मुलगा सालेहही खूश. खाला गावाला गेल्यावर पाहुण्यांना द्यायला त्याला आयता शॅले मिळणार होता, निम्मं काम त्यानंच माणसं लावून करून घेतलं होतं. एकटे अबू सालेह लांब एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांगराकडं पाठ करून बसले होते. खालाकडं बघायची त्यांची छाती झाली नाही.

हे लोक वाईट असते तर बरं झालं असतं. वाईट माणसाला दोन शिव्या हासडता येतात. हे पुन्हा तेच करून, पुन्हा टाळ्यांची वाट बघत उभे होते. माझ्या तोंडात आलं ते मी बोलले. "इस्माईलभाई, एक फोन करायला काय झालं होतं? एक!"  त्यांना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली.

मला वाटलं, आता खाला आकाशपाताळ एक करणार. तिनं एसीचं बटण बंद केलं. बाहेर आली, मळ्याच्या अवजारांच्या शेडमध्ये गेली आणि पहार घेऊन परतली.

"मैमुना, काय करतेस?" इस्माईलभाई म्हणाले.

"तुमी जावा," ती शांतपणे म्हणाली. "फायनल एक्झिट का काय ता. तुमचा तिकीट काढा. माझा मी सांगन तवा." आणि पहिला घाव घातला.

"खाला, डोळा!" मी ओरडले. "धूळ जाईल!"

"डोळा माझा हाय," ती म्हणाली.

सिमेंटचा ताटाएवढा पापुद्रा सुटून पडला. पण तो एकटा निघाला नाही, मागची माती घेऊन निघाला. भिंतीला तिथं वीतभर खड्डा पडला, आतलं काड बाहेर आलं. तिनं दुसरा घाव घातला, दुसरा पापुद्रा पडला, तोही माती घेऊन. मी इंजिनीअर आहे, हे असंच होणार हे मला ठाऊक होतं. तिलाही कळलंच असेल. सिमेंट काढायचं तर भिंतही जाणार होती. ती थांबली नाही. दोन-चार घाव झाले की खाली बसायची, पापुद्रा उलटा करायची, त्याला चिकटलेली माती नखांनी खरवडून घमेल्यात टाकायची, आणि परत उठायची.

झुबेर "अब्बू, डू समथिंग" म्हणत गाडीत जाऊन बसला. सालेह फोनवर कुणाशी तरी तावातावानं बोलत निघून गेला. अबू सालेहनी खुर्ची फिरवली आणि आता ते मांगराकडं तोंड करून बसले. सुनांनी पाण्याचं पिंप आणून ठेवलं आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या. खालाच्या चेहऱ्यावर राखाडी धूळ बसली होती, ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी गळत होतं, ते ती अबायाच्या बाहीनं पुसत होती.

 मग इस्माईलभाईंनी हळूच बाह्या सरसावल्या, पुढं झाले आणि एक पापुद्रा उचलायला वाकले.

"हात नाय लावायचा!" खाला मागं न बघता कडाडली.

ते वाकलेले तसेच राहिले. सरळ झाले. तिच्याकडं बघितलं, त्या पापुद्र्याकडं बघितलं. मग घसा खाकरला. इतक्या वर्षांत त्यांनी तिला काही विचारलेलं मी तरी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनाही ते जड जात होतं.

"मैमुना," ते म्हणाले, "ह्यो उचलू काय?"

खालानं पहार खाली टेकली. वळून त्यांच्याकडं नीट बघितलं.

"नको," ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडं वळली.